गरम झाल्यावर काळा धूर, पण मीटर लीन दाखवतो: थ्रॉटल बॉडी इंजेक्शन किट

चार_बॅरल

५.७ लिटर व्ही-८. चार बॅरलचा कार्ब्युरेटर काढून त्याच मॅनिफोल्डवर चार इंजेक्टरची सेल्फ-लर्निंग (चालता चालता पेट्रोलचं प्रमाण स्वतः सुधारणारी) थ्रॉटल बॉडी बसवली आहे. टायमिंग (ठिणगीची वेळ) अजून डिस्ट्रिब्युटरवरच, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) फक्त पेट्रोल सांभाळतो. पंप टाकीच्या आत, रिटर्न लाइन आहे, प्रेशर ४ बारवर स्थिर.

थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागतं आणि छान चालतं. कूलंट ७० अंशांच्या वर गेलं की बिघडतं. आयडलिंगला आरपीएम ६५० ते ११०० मध्ये झुलतात, मिसिंग होतं (मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही), काळा धूर येतो, पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात. प्लग काजळीने काळे. तरी स्क्रीनवर एएफआर (हवा-पेट्रोल प्रमाण) १६ च्या आसपास, म्हणजे लीन, पेट्रोल कमी (टार्गेट १३.८), आणि ईसीयूचं करेक्शन +२४ टक्के, म्हणजे तो तेवढं पेट्रोल वाढवतोय. मॅप (मॅनिफोल्डमधला दाब) ५८ केपीए, आयएसी (आयडलिंगची हवा सोडणारा व्हॉल्व्ह) ०, म्हणजे पूर्ण बंद. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) जवळजवळ मूळचाच. २५०० आरपीएमला मात्र बरं चालतं. गरम असताना बंद करून थोड्या वेळाने सेल्फ मारला तर पटकन लागत नाही. ईसीयूच्या पेट्रोल टेबलात आयडलिंगच्या खान्यांतलं पेट्रोल हाताने कमी केलं, पण लर्निंग ते परत वाढवतं. सुरुवात कुठून करू?

कलेक्टर

टेबलला अजिबात हात लावू नका. प्लग काळे आणि मीटर लीन, या दोन्हींत खरं बोलतो तो प्लग. एएफआरचा आकडा देणारा एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी कुठे बाहेरची हवा आत शिरली किंवा एखादा सिलिंडर मिस झाला, तर न जळलेला ऑक्सिजन तिथे पोचतो आणि ईसीयूला मिश्रण लीन वाटतं. मग तो पेट्रोल वाढवतो, त्याने मिसिंग वाढतं, आकडा आणखी लीन दिसतो, आणि हे चक्र चालूच राहतं.

तुमच्या लक्षणांतच खूण आहे. थंड असताना ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या टेबलाने चालतो. ७० अंशांच्या सुमारास क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल दुरुस्त करणं) सुरू होतो आणि तिथेच बिघाड सुरू होतो. २५०० ला बरं चालतं याचं कारण तेव्हा धुराचा प्रवाह जोरात असतो, फटीतून हवा ओढली जाण्याचं प्रमाण कमी होतं. आयडलिंगला दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फट हवा आत घेते. म्हणून फट्-फट् आवाज ऐकू येत नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नका.

आधी आत्ताची ट्यून फाइल सेव्ह करा. इंजिन गरम करा, क्लोज्ड लूप आणि लर्निंग दोन्ही बंद करा, आणि आयडलिंगच्या खान्यांतून ५-५ टक्के पेट्रोल कमी करत जा. मीटर १६ च्या पुढे आणखी लीन दाखवत असताना इंजिन सुधारत गेलं, तर रीडिंग खोटं आहे, शंका नको.

फट शोधायला इंजिन पूर्ण थंड असू द्या. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला कापड गुंडाळून लावा आणि हेडर (एक्झॉस्टचे पाइप) गॅस्केट, कलेक्टरचा (ते पाइप एकत्र येतात तो भाग) जोड, सेन्सरचा बंग (सेन्सर बसतो ती आट्यांची कडी) यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे फट. कलेक्टरच्या स्लिप-फिट (एकमेकांत सरकवलेल्या) जोडाकडे खास लक्ष द्या. सेन्सर कलेक्टरनंतर ५ ते १० सेंमीवर, पाइपाच्या टोकापासून किमान ४५ सेंमी आत आणि आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर तिरका हवा. पाइपाच्या खालच्या बाजूने बसवलेल्या सेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो मरतो.

एक विचारायचं राहिलं. एकच सेन्सर असेल तर तो एकाच बाजूचे चार सिलिंडर वाचतो. प्लग दोन्ही बाजूंचे काळे आहेत का?

स्लो_स्क्रू

वरचं निदान पटतं, पण आयएसी ० आणि मॅप ५८ एक्झॉस्टच्या गळतीने पुरते समजत नाहीत. साध्या कॅमला गरम आयडलिंगवर ४० ते ४५ केपीए यायला हवं. मिसिंगने आकडा चढतो हे खरं, पण आयएसी शून्यावर म्हणजे हवा दुसरीकडून येतेय आणि ईसीयूकडे ती कमी करायला जागाच उरलेली नाही. आरपीएम झुलण्याचं मूळ मला इथेही दिसतं.

या किटमध्ये ईसीयू हवा मोजत नाही. मॅप आणि आरपीएमवरून अंदाज बांधतो. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये हवा गळली तर मॅप चढतो, तो त्या हवेपुरतं पेट्रोलही देतो आणि इंजिन लीन न होता आरपीएम वाढतात. कार्ब्युरेटरच्या सवयीने शोधायला गेलात तर चकाल.

ब्रेक बूस्टरची आणि पीसीव्हीची (क्रँककेसची वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारी) नळी एकेक करून चिमटा. आरपीएम बरेच पडले की तीच वाट. मग थ्रॉटल बॉडीखालचं गॅस्केट बघा. स्प्रेड-बोअर (मागची दोन भोकं मोठी) मॅनिफोल्डवर चौरस-बोअरची (चारही भोकं सारखी) बॉडी साध्या गॅस्केटवर बसवली असेल तर मागच्या मोठ्या भोकांच्या कडा उघड्या राहतात. तिथे अडॅप्टर प्लेटच लागते.

टायमिंग लाइट लावून आयडलिंगचं टायमिंगही तपासा, १५ ते २० अंश असू द्या. ६-८ अंशांवर असेल तर तेवढेच आरपीएम टिकवायला जास्त हवा लागते आणि मॅप आपोआप चढतो.

हे सगळं झाल्यावरच थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवा. गरम इंजिनवर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आयएसी २ ते १० टक्क्यांत येईल असा सेट करा, मग इंजिन बंद करून इग्निशन ऑफ-ऑन करा, म्हणजे टीपीएसचा (थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा) शून्य नव्याने धरला जाईल.

अर्थिंग_तपासा

वायरिंगकडेही एक नजर हवी. ईसीयूचे मुख्य प्लस आणि मायनस दोन्ही थेट बॅटरीच्या टोकांवर, मध्ये स्टार्टर किंवा बॉडी नको. प्लग वायर स्पायरल-कोर सप्रेशनच्या आणि प्लग रेझिस्टरवाले. साध्या तांब्याच्या तारेच्या प्लग वायर असतील तर इतर काहीही तपासण्याआधी त्या बदला. लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदीत) आरपीएमची रेघ मध्येच क्षणभर हजारोंनी उसळत असेल, तर इग्निशनचा इलेक्ट्रिकल नॉइज आरपीएमच्या सिग्नल वायरमध्ये शिरलाय. ती वायर कॉइल आणि प्लग वायरपासून दूर न्या.

इंजिन चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी पडत असेल तर रिले आणि जाड वायर द्या.

गरम असताना सेल्फ लागत नाही, त्याचं वेगळं बघा. इंजिन बंद केल्याबरोबर एअर क्लीनर काढून बॅटरीवर चालणाऱ्या टॉर्चच्या उजेडात वरून पाहा. इंजेक्टरमधून थेंब पडतोय? तर आत कचरा अडकलाय. पंपाआधी १०० मायक्रॉन आणि पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर हवाच. थेंब नसेल तर आधीच्या जास्त पेट्रोलने मॅनिफोल्ड भिजलेलं आहे. पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारा, फ्लड-क्लिअर मोडमध्ये इंजेक्टर बंद राहतात.

आणि नळ्या! जुनी कार्ब्युरेटरची रबरी नळी ४ बारवर कुठेही राहू देऊ नका, इंजेक्शनचीच नळी वापरा. फुटली तर गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा उडेल.

चार_बॅरल

सेन्सर डाव्या बाजूला, प्लग दोन्ही बाजूंचे काळे. लूप बंद करून १५ टक्के पेट्रोल काढलं तेव्हा मीटर १७ च्या वर गेला आणि इंजिन मऊ चाललं. साबणाच्या पाण्याने डाव्या हेडरच्या मागच्या पोर्टजवळ बुडबुडे दिसले, फ्लँज वाकलेली आहे. बेस गॅस्केट चौरस-बोअरचं आणि मॅनिफोल्ड स्प्रेड-बोअर, एक कोपरा उघडा. टायमिंग ८ अंश होतं. लॉगमध्ये आरपीएमची रेघ स्वच्छ. इंजेक्टर टपकत नाहीत.

कलेक्टर

मग सगळा हिशोब जुळला. एकाच सेन्सरच्या चुकीवर ईसीयूने आठही सिलिंडरांना जास्त पेट्रोल दिलं, म्हणून उजवे प्लगही काळे. फ्लँज सरळ करून घ्या, नुसतं जाड गॅस्केट टाकून भागत नाही. सेन्सरच्या आधी सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याची वाफ सेन्सर खराब करते. अडॅप्टर, टायमिंग, नवे प्लग झाले की शिकलेलं टेबल पूर्ण पुसून मूळ टेबलापासून सुरू करा. जुन्यात खोट्या हवेचा हिशोब साठलेला आहे, तो ठेवलात तर गरम सेल्फची तक्रारही राहील. तेलात पेट्रोल उतरलं असणार, वास घेऊन बघा आणि गाडी चालवण्याआधी तेल व फिल्टर बदला. लर्निंग नंतर ±५ टक्क्यांत स्थिरावलं पाहिजे. एकाच भागात १० च्या वर जात असेल तर लॉग इथे टाका.