ऑर्केस्ट्राबरोबर गायलेल्या अमेरिकन कविता: शब्दच कळत नाहीत, ऐकायचं कसं?

सूर_ऐरोली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, चुकीच्या ठिकाणी टाकला असेल तर सांभाळून घ्या. माझा भाचा गेल्या वर्षी शिकायला अमेरिकेत नॉक्सव्हिलला गेला, टेनेसी राज्यात आहे ते. त्याने परवा एक लिंक पाठवली, खाली लिहिलेलं "मावशी, आमच्या गावावरचं गाणं आहे, तू गातेस ना, ऐक". सॅम्युअल बार्बर ह्या संगीतकाराचं 'नॉक्सव्हिल: समर ऑफ १९१५'. मी ठाण्याला सुगम संगीताच्या क्लासला जाते, वीसेक वर्षं भावगीतं म्हणतेय, त्यामुळे कवितेला चाल लावणं म्हणजे काय ते मला अगदीच नवीन नाही. पण हे ऐरोलीला गाडीत बसल्यावर लावलं आणि ठाण्याला दहा नंबरवर उतरले तरी संपलेलं नव्हतं, आणि तेवढ्या वेळात मला चार शब्द कळले असतील तर शप्पथ. दिवसभर ऑफिसात इंग्लिशच वाचते हो मी! सुरुवातीला इतकं हळू की गाडीच्या खडखडाटात काही ऐकूच येईना म्हणून आवाज फुल्ल केला, आणि मग अचानक सगळा ऑर्केस्ट्रा असा अंगावर आला की शेजारची बाई दचकून बघायला लागली.

ध्रुवपद नाही, परत येणारी ओळ नाही, धरायचं कुठे? आणि ॲपवर शोधलं तर ह्याच एका गाण्याची दहा-बारा रेकॉर्डिंग्ज, सगळ्या वेगवेगळ्या बायका. ह्यातलं कुठलं ऐकू, आणि हा प्रकार आवडलाच तर पुढे काय ऐकू? भाच्याला "छान आहे" असं खोटं कळवलंय, आता तो विचारेल काय छान आहे.

नौपाड्याचे_काका

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ती कविता नाहीच आहे, गद्य आहे. जेम्स एजी नावाच्या लेखकाचं, १९३८ साली एका मासिकात आलेलं. ध्रुवपद कुठून येणार! उन्हाळ्याची संध्याकाळ, लोक जेवून आपापल्या ओट्यावर खुर्च्यांत झुलत बसलेत, रस्त्यावरून घोडागाडी जाते, ट्राम जाते, मागच्या अंगणात गवतावर गोधड्या टाकून आईवडील, मामा, मावशी सगळे पडलेत, आणि मधे एक लहान पोर आडवं होऊन वर तारे बघतंय. घटना म्हणाल तर एवढीच. पुढे ते पोर मोठ्या माणसांसारखं बोलायला लागतं, ह्या सगळ्यांचं भलं कर देवा म्हणतं, आणि शेवटी त्याला आत नेऊन झोपवतात, सगळे माया करतात पण मी कोण आहे हे मात्र मला कोणी सांगत नाहीत, असं म्हणून संपतं. एजीचे वडील पुढच्याच वर्षी, १९१६ ला, मोटार अपघातात गेले. हे माहीत असलं की ती गोधडीवरची यादी ऐकवत नाही. बार्बरने १९४७ ला हे लिहिलं तेव्हा त्याचे स्वतःचेही वडील अंथरुणाला खिळलेले होते.

तुम्ही दचकलात ना, ती ट्राम होती. लोखंडाचा खडखडाट, घंटा, सगळं ऑर्केस्ट्रात आहे, आणि ती लांब गेली की परत ओट्यावरची शांतता. मुंबईची ट्राम १९६४ ला बंद झाली, मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन, वडिलांच्या मांडीवर बसून गेल्याचं पुसट आठवतं, म्हणून असेल कदाचित पण मला तो तुकडा ऐकला की काहीतरी होतं.

तेव्हा आधी मजकूर समोर घ्या, एकदा नुसता वाचा, मग बोट ठेवून ऐका. आम्ही रेकॉर्डच्या मागे छापलेलं वाचत ऐकायचो, तुमच्या ॲपवर ते काही मिळत नाही. नॅक्सॉस कंपनीची अमेरिकन क्लासिक्स म्हणून मालिका आहे, त्यात मॅरिन ऑलसॉप (ऑर्केस्ट्रा चालवणारी, म्हणजे कंडक्टर) आणि स्कॉटलंडच्या ऑर्केस्ट्राने बार्बर केलाय, गाणारी करिना गोव्हाँ. सुरुवातीला ते ठीक. पण ऐकायचं ते एलेनॉर स्टीबरचं, १९५० चं. तिनेच बार्बरला पैसे देऊन हे लिहून घेतलं आणि १९४८ ला बॉस्टनमध्ये कुसेविट्स्कीच्या ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदा गायलं. रेकॉर्डिंग जुनं आहे, मोनो आहे, पण शब्द असे टाकते की गोष्ट सांगतेय.

घोडबंदर_हायफाय

काकांशी आदरपूर्वक असहमत. आधी वाचू नका! मजकूर हातात घेतला की माणूस परीक्षेला बसल्यासारखा ऐकतो, ऑर्केस्ट्रा काय करतोय ते राहतं बाजूला. पहिल्यांदा नुसतं ऐका, दोनदा ऐका, मग वाचा.

आणि मुळात ट्रान्सहार्बरच्या गाडीत हे ऐकणं म्हणजे गुन्हा आहे 😀 फिल्मी गाणं मुद्दाम सपाट केलेलं असतं, हळू भाग पण मोठाच वाजतो, म्हणून गाडीत चालतं. ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग तसं नसतं, एका बासरीपासून पन्नास-साठ वाद्यांपर्यंतचा फरक त्यात तसाच ठेवलेला असतो, तुम्ही हळू भागासाठी आवाज वाढवणार आणि मोठ्या भागाला कान फाटणार, तेच झालं तुमचं. रात्री अकरानंतर घरी ऐका. म्हणजे आमच्याकडे घोडबंदरला अकरानंतर ट्रक सुरू होतात तो भाग वेगळा. आणि ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज समान करायचं काहीतरी असतं ते बंद करा.

माझं मत लिओन्टिन प्राइसला, १९६८ चं, कंडक्टर थॉमस शिपर्सबरोबर. प्राइस मिसिसिपीतल्या लॉरेल नावाच्या छोट्या गावातली, ओटे-अंगणं तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्टीबर चांगली आहे पण तो आवाज आता ऐकताना आकाशवाणीचं जुनं टेप लावल्यासारखं वाटतं.

नौपाड्याचे_काका

प्राइसचा आवाज सोन्यासारखा आहे, मान्य. पण ती पोर वाटत नाही हो, महाराणी वाटते. पाच वर्षांच्या मुलाचं मनोगत आहे ते.

सीवूड्स_बॅरिटोन

भांडण मस्त चाललंय पण ताईंचा मूळ प्रश्न राहिला, शब्द का कळत नाहीत. मी चर्चच्या क्वायरमध्ये गातो (मराठी ख्रिस्ती, आजोबांपासून उपासना संगीतात), त्यामुळे थोडं सांगतो.

तुम्ही भावगीत म्हणता तेव्हा समोर माईक असतो. कुजबुजलात तरी गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेत पोचतं. ह्या गायिकांना माईक नसतो, पूर्ण ऑर्केस्ट्राच्या वरून आवाज काढायचा असतो आणि त्यासाठी गळा, जबडा, तोंडाची पोकळी सगळं वेगळ्या पद्धतीने उघडावं लागतं. आणि बाईचा आवाज खूप वरच्या पट्टीत गेला की आ, ए, ओ हे स्वर कानाला जवळपास सारखेच लागतात. हा गायिकेचा दोष नाही, तुमच्या इंग्लिशचा तर नाहीच. आपल्याला ई ऐकू येते ती तोंडाच्या पोकळीत विशिष्ट कंपनं घुमतात म्हणून, आणि गायलेला सूरच त्या कंपनांच्या वर निघून गेला की ई-पण उरतच नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या माणसालाही तिथे शब्द कळत नाही, तोसुद्धा पुस्तिका बघतो. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए सभागृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सीझनला कधी गायक असले तर एकदा जाऊन बसा, माईकशिवाय आवाज कसा येतो ते कळेल. शेवटची ठाणे लोकल तेवढी बघून ठेवा.

म्हणून माझा सल्ला, पुरुष आवाजापासून सुरू करा. बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुष आवाज, बोलण्याच्या पट्टीच्या जवळ गातो, शब्द टिकतात. विल्यम वॉरफिल्डने गायलेली आरन कोपलंडची 'ओल्ड अमेरिकन साँग्ज' ऐका, कोपलंड स्वतः कंडक्ट करतोय. ती जुनी लोकगीतं आहेत, एक तर पाळीव प्राण्यांचे आवाज काढत लांबत जाणारं आहे, लहान मुलं हसतात. मग जॉन ॲडम्सचं 'द वूंड-ड्रेसर', १९८९ च्या सुमाराचं, गाणारा सॅनफोर्ड सिल्वन. कविता वॉल्ट व्हिटमनची. अमेरिकन यादवीत व्हिटमन वॉशिंग्टनच्या इस्पितळांत जखमी सैनिकांची सेवा करायचा, त्याच्यावर आहे. पट्ट्या, बादली, तुटलेले हात, सगळं आहे, वीस मिनिटं, आणि ऑर्केस्ट्रा एकदाही रडत नाही. ॲडम्सच्या घरीच तेव्हा वडिलांचा अल्झायमर आणि आईने वर्षानुवर्षं केलेलं त्यांचं सगळं चालू होतं. माझ्या आईचं मी शेवटची दोन वर्षं केलं, त्यानंतर मी हे पूर्ण एकदाच ऐकू शकलो. जेवताना लावू नका.

कविता_वाचणारी

एक भर. "ऑर्केस्ट्रा" शब्दामुळे आपल्याला वाटतं मागे संगीत लावलंय. आपल्याकडे अंतऱ्याआधी व्हायोलिनचा तुकडा येतो, गायिका थांबते, तुकडा संपला की गायिका सुरू. ह्यांच्याकडे बऱ्याचदा गायिका एक सांगते आणि ऑर्केस्ट्रा दुसरंच, म्हणजे शब्द म्हणतात मी शांत आहे आणि खालून बास सांगतोय की नाही आहे.

कोपलंडने एमिली डिकिन्सनच्या बारा कविता १९५० पर्यंत पियानो आणि आवाजासाठी केल्या, नंतर त्यातल्या आठच ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा लिहिल्या. दोन्ही ऐकून बघा. मला पियानोवालं जास्त आवडतं, बाई आयुष्यातला बराचसा काळ एकाच घरात राहिली, जवळपास अठराशे कविता लिहिल्या आणि जिवंतपणी त्यातल्या मोजक्याच छापून आल्या, तिला कशाला एवढी वाद्यं. डिकिन्सनचा छंद बऱ्याचदा चर्चमधल्या स्तोत्रांचा आहे, आठ-सहा-आठ-सहा अक्षरं, आपल्या अभंगासारखी ठरलेली चाल आपोआप बसेल असा. कोपलंडने नेमकं तेच टाळलंय. आवाज एकदम खालून वर उडी मारतो, ओळ मधेच मोडतो. पहिल्यांदा ऐकताना बेसूर वाटलेलं मला, नंतर लक्षात आलं की तिची जी आडवी डॅश असायची ओळीत, तीच ऐकू येतेय. ग्रेस यांची कविता हृदयनाथांनी केली तेव्हा कविता कळली नाही तरी चाल हात धरून नेते. कोपलंड हात धरत नाही.

ठाणे_पूर्व_९८

इंग्लिश सोडून अमेरिकन काही चालेल का? पीटर लीबरसनची 'नेरुदा साँग्ज'. कवी पाब्लो नेरुदाची स्पॅनिश सॉनेट्स (सुनीतं), संगीतकार अमेरिकन, गाणारी त्याचीच बायको लॉरेन हंट लीबरसन, बॉस्टन सिम्फनीबरोबर नोव्हेंबर २००५ ला लाइव्ह रेकॉर्ड. शेवटचं गाणं "मी मेले आणि तू उरलास तर" अशा अर्थाचं आहे. ती जुलै २००६ ला गेली. मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही, काही अडलं नाही.

घोडबंदर_हायफाय

बघा! हेच म्हणत होतो मी, आधी वाचू नका.

नौपाड्याचे_काका

त्याने शेवटच्या गाण्याचा अर्थ आधीच लिहिलाय की वर 🙂

आणि एक गंमत ताईंसाठी. शिकागोचा जॉन आल्डन कार्पेंटर, वडिलांच्या कंपनीत दिवसभर धंदा सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात संगीत लिहायचा. त्याने १९१३ ला रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'तल्या सहा कवितांना चाली लावल्या, टागोरांच्याच इंग्लिशवरून. त्याच साली नोबेल मिळालं. बाळाच्या डोळ्यांवरची झोप कुठून येते ती कविता आहे ना, ती आहे त्यात. बंगाली अंगाई शिकागोतून फिरून कशी ऐकू येते बघा. मूळचं पियानोवर आहे.

सूर_ऐरोली

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी रात्री गॅलरीत बसून ऐकलं, दिवा बंद करून, खाडीकडून वारा होता. हायफाय दादांचं ऐकून पहिल्यांदा न वाचता प्राइस लावली, परत काही कळलं नाही पण ह्या वेळी घाबरले नाही, ट्राम आली तेव्हा ओळखली. मग काकांचं ऐकून मजकूर घेऊन स्टीबर लावली. ते आईवडील, मामा, मावशी सगळे गोधडीवर आहेत म्हणून एकेकाचं सांगते ना, तिथे मला आमची विटाव्याची चाळ आठवली, गच्चीत सतरंज्या टाकून बारा जणं झोपायचो, त्यातले आता चौघं उरलोत. पुढचं ऐकलं नाही, बंद केलं आणि आत आले. काल पूर्ण केलं.

वूंड-ड्रेसर सध्या नको, सासूबाईंचं चालू आहे घरात. वॉरफिल्ड लावलेला, प्राण्यांच्या गाण्याला नात दोन वेळा "परत" म्हणाली.

भाच्याला फोन केला, विचारलं ते एजीचं घर आहे का रे अजून. तो म्हणाला केव्हाच पाडलं, तिथे अपार्टमेंट आहे, ट्राम पण नाही, पण जवळ त्याच्या नावाचं छोटं पार्क आहे, तिथे जाऊन व्हिडिओ पाठवतो. मी म्हटलं संध्याकाळचा पाठव.

नौपाड्याचे_काका

तिकडेही रिडेव्हलपमेंट! आमचं पण पुढच्या महिन्यात रिकामं करायचंय. रेकॉर्डची तीन खोकी आहेत, भाड्याच्या जागेत मावणार नाहीत. स्टीबर सोडून बाकी कोणाला हवं असेल तर सांगा, नौपाड्यातून न्यावं लागेल.