जामिनाच्या सहीला नाही म्हटलं, तर तो लोभ का?

निवृत्त_गुरुजी (राहुरी)
जय ख्रिस्त. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालोय, पेन्शनवर बरं चाललंय. आमच्या मंडळीतला एक तरुण पिकअप घेतोय. पतसंस्थेचं सहा लाखांचं कर्ज. एक जामीनदार मिळालाय, दुसरा मी व्हावं म्हणतो. पोरगा कष्टाळू आहे. पण आधीच्या कर्जाचे हप्ते थकलेत, आणि हे त्याने नाही सांगितलं, बाहेरून कळलं.

"विचार करून सांगतो" म्हटलं, तर रविवारी उपासनेनंतर त्याचा चुलता चारचौघांत म्हणाला, "गुरुजी, सोन्यापेक्षा ज्ञान मोलाचं असं पोरांना शिकवता, मग सही करताना हात का कापतो?"

घरी आजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल आहे, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं. आजी लहानपणी केडगावच्या मुक्तीत, बाईंच्याच आश्रमात होती, तिथल्या छापखान्यात कागद दुमडायला बसायची. बाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, हे ती अभिमानाने सांगायची. बाई १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ साली निघालं. चुलत्याने ऐकवलं ते सोन्या-ज्ञानाचं वचन म्हणजे नीतिसूत्रे १६:१६, त्याला आजीने लाल पेन्सिलीची रेघ मारलीय. त्याच पानात वडिलांनी एक कागद ठेवलाय, १९८३ ची नोटीस. शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या इंजिनाला ते जामीन राहिले होते. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. कागद आता उघडला की घडीवर फाटतो.

खरं सांगा, मी शहाणपण जपतोय की पैसा?

काळाकोट
सर, "सही म्हणजे नुसती साक्ष" असं तुम्हाला कोणी सांगेल, ऐकू नका. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: वेगळं काही ठरलेलं नसेल तर कर्जदाराची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची. संस्थेला जो सोपा सापडेल तिकडे ती जाते. पेन्शनवाला कायम सोपा सापडतो.

सुवार्ता_ताई
गुरुजी, चुलत्याला म्हणावं नीतिसूत्रांचा सहावा अध्याय पण वाचा. दुसऱ्याला जामीन राहिला असशील तर झोपू नकोस, पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा सूट, असं तिथे चक्क लिहिलंय. अकराव्यात, सतराव्यात, बाविसाव्यात पुन्हा तेच. ज्ञान मोठं म्हणणारं पुस्तक व्यवहाराकडे डोळेझाक करा असं कुठेच म्हणत नाही.
पण १९:१७ सुद्धा आहे: गरिबावर दया करणारा परमेश्वराला उसनं देतो. म्हणून सही नको, पण हात रिकामा पण नको. गेले तरी झोप लागेल एवढे द्या आणि विसरा.
शहाणा म्हणून नावाजलेल्या शलमोन राजाचं मात्र मला नेहमी वाटतं. गिबोनात देवाने माग म्हटलं, तेव्हा त्याने धन मागितलं नाही, विवेकी मन मागितलं. आणि १ राजे १० मध्ये बघा, वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं येतंय, आणि पुढच्याच अध्यायात मन भटकलं. मागून मिळालेलं शहाणपण सांभाळावं पण लागतं.

खरंखरं
काका, राग मानू नका. तुमचं उत्तर ठरलेलंच आहे, इथे तुम्ही फक्त वचनं गोळा करताय. थकलेल्या हप्त्यांचं त्या पोराला तोंडावर विचारलंत का? चुलत्याला गप्प करणं सोपं आहे, हे अवघड आहे.

निवृत्त_गुरुजी (राहुरी)
राग नाही. लागलं, कारण खरं होतं.
काल संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. नोटीस सोबत नेली होती. आधी हप्त्यांचं विचारलं. बराच वेळ खाली बघत बसला, मग म्हणाला, चार थकलेत, बायकोला माहीत नाही. ती आत भाकरी थापत होती, आवाज थांबला. मी म्हटलं, सही देणार नाही, पण त्यातले दोन हप्ते भरतो, परत नको. आणि पिकअप वर्षभर थांबव.
हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. वडिलांची नोटीस दोनदा वाचली, घडी जपून घातली आणि परत दिली. चहा झाला नाही.
रविवारी मी नेहमीच्याच बाकावर बसणार आहे, त्याच्या शेजारी.