इंजिनिअरिंगचं शेवटचं अख्खं सेमिस्टर कंपनीत हवं. तुमचं मत?

चाकण_क्वालिटी:
चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी बघतो. बी.ई. मेकॅनिकल झालेली मुलं मुलाखतीला आली की ड्रॉइंग पुढे ठेवून विचारतो, "२५ एच७ लिहिलंय, भोक किती ते किती चालेल?" बहुतेक जण गप्प बसतात. उत्तर २५.००० ते २५.०२१ मिमी; २५ हे माप, आणि किती जास्त चालेल ते एच७ सांगतं. हे त्यांच्या अभ्यासक्रमात आहे, त्यावर मार्कही मिळालेत. पण चार मायक्रॉन जास्त गेले म्हणून पार्ट लाल पेटीत, म्हणजे रिजेक्टमध्ये, टाकायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. मुलं हुशार आहेत, त्यांना हात लावायलाच मिळत नाही.

कॉलेजांकडे कंपन्यांशी केलेल्या सामंजस्य करारांच्या फायली भरपूर. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम आली की त्या बाहेर निघतात. एरवी वर्षातून एक गेस्ट लेक्चर आणि एक इंडस्ट्रियल व्हिजिट. माझं म्हणणं: आठवं सेमिस्टर पूर्ण कंपनीत काढायचं, कॉलेजचा एक आणि कंपनीचा एक असे दोन गाइड, मार्क दोघांनी मिळून द्यायचे.

मास्तर_कर्वेनगर:
मी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (पदार्थांची मजबुती) शिकवतो. मला हे अजिबात पटत नाही. ड्रॉइंग वाचायला मुलगा महिनाभरात शिकेल. पण शाफ्ट नेमका खांद्यापाशीच, म्हणजे जाडी बदलते तिथेच, का तुटतो, हे त्याला शिफ्टच्या गडबडीत कोण समजावणार? टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) पिंपरीत स्वतःचं ट्रेनिंग सेंटर उभारलं होतं. तिथे तयार झालेल्या कितीतरी जणांनी पुढे भोसरीत स्वतःचे कारखाने काढले. शिकवण्याचा तो खर्च कंपनीने आपला मानला. आता तोच खर्च पालकांनी भरलेल्या फीमधून करायचा?

चाकण_क्वालिटी:
सर, सीओईपीची (पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज) सुरुवातच १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास' म्हणून झाली, ती सरकारी बांधकामांसाठी माणसं हवी होती म्हणून. कामासाठी माणूस घडवण्यात कॉलेजला कमीपणा कसला?

मास्तर_कर्वेनगर:
कमीपणा नाहीच. पण तेव्हा शिकवणारं आणि काम देणारं सरकार एकच होतं. आज मंदी आली की कंपनी सगळ्यात आधी मुलं घेणं बंद करते. त्या बॅचच्या सेमिस्टरचं काय करायचं, हे आधी सांगा.

भोसरी_जॉबवर्क:
माझं छोटं युनिट आहे, व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. मुलगा आला की सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, त्याच्यामागे अडकतो. पीस बिघडला तर मोठी कंपनी डेबिट नोट (नुकसानीची वसुली) मला लावते, कॉलेजला नाही. तरी सांगतो, चार आठवड्यांची इंटर्नशिप माझ्या काहीच कामाची नाही. मशीनला ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) कसा द्यायचा हे कळेपर्यंत मुलगा निघून जातो. सहा महिने राहिला तर शेवटचे दोन महिने तोच मला मदत करतो.

पैशाची सोयही आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० रुपये स्टायपेंड ठरला, आणि नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेतून त्यातला निम्मा सरकार देतं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांवर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आम्हा लहानांना ऐच्छिक. पण कॉलेजातून याबद्दल मला एकदाही फोन आलेला नाही.

टीई_मेक_धनकवडी:
काका, सर, आमचंही ऐका. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांनी पैसे भरून ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घेतलं, कारण क्रेडिट हवे होते आणि कंपनी कुणीच मिळवून दिली नाही. मला एका कंपनीत घेतलं, तर "मुलींना शॉप फ्लोअर नको" (म्हणजे मशीनच्या जागी काम नको) म्हणून एक्सेल भरायला बसवलं. त्यात कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या आयटीच्या, म्हणून आम्ही मेकॅनिकलवाले जावा शिकतोय. सहा महिने मी आनंदाने येईन, पण मशीनवर उभं करणार का, आणि धनकवडीहून पहिल्या शिफ्टला चाकणला पोचायचं कसं, हे आधी लिहून द्या.

चाकण_क्वालिटी:
ताई, मागणी रास्त आहे. कंपनीची बस आणि रोजचं काम, दोन्ही करारातच हवं. शॉप फ्लोअर नाकारणारी कंपनी कॉलेजच्या यादीतून काढावी. आमच्या लाइनवर मुली आहेत आणि त्या उत्तम काम करतात.

मास्तर_कर्वेनगर:
हिच्या म्हणण्याने माझा मुद्दा सुटत नाही, उलट पक्का होतो. कंपनी काय शिकवणार याची हमी नसताना अख्खं सेमिस्टर तिच्या हाती कसं द्यायचं? उद्योगातली माणसंच कॉलेजात येऊ द्या. २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट मोकळी केली. १५ वर्षांचा अनुभव असेल तर पीएचडी लागत नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात. एवढी तळमळ आहे, तर दर शनिवारी आमच्या मेट्रोलॉजी (मोजमापाच्या) लॅबमध्ये या. मी प्राचार्यांशी बोलतो.

चाकण_क्वालिटी:
शनिवारी प्लांट चालू असतो. आमची सुट्टी गुरुवारी, आणि तेव्हा तुमचं कॉलेज चालू असतं. गुरुवार ठरवा, मॅनेजमेंटची परवानगी घेऊन रिजेक्ट पार्ट आणतो. शाफ्ट कुठे तुटला ते मी दाखवतो, का तुटला ते तुम्ही शिकवा. पण सेमिस्टरची मागणी मी सोडलेली नाही, सर.