मदत हवी आहे: नव्या स्टाफची टीबी तपासणी, मॉन्टू (त्वचेत टोचून करायची) की आयग्रा (रक्ताची)?

शंभर खाटांचं रुग्णालय. पुढच्या महिन्यात नव्या सिस्टर्स, वॉर्डबॉय आणि लॅब टेक्निशियन रुजू होतील. बहुतेकांना जन्मल्यावर बीसीजी (टीबीची लस) टोचलेली. सगळ्यांची आयग्रा बजेटात बसत नाही. एकदाच मॉन्टू करून भागेल का? आणि बीसीजीमुळे ती उगाच पॉझिटिव्ह आली तर?

उत्तर १ (मायक्रोबायॉलॉजी)

आधी लक्षणं विचारा: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. छातीचा एक्स-रे सगळ्यांचाच काढा. यात काही सापडलं तर मॉन्टूची वाट न बघता थुंकी ट्रूनॅट किंवा सीबीनॅटला (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या) पाठवा. चालू टीबीतही मॉन्टू निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तिच्या भरवशावर कुणाला वॉर्डात सोडू नका.

बाळपणीच्या बीसीजीचा असर मोठेपणी बराच ओसरतो. पुन्हा टोचलेली असेल तर घोळ जास्त. पण एका मॉन्टूवर भागवू नका. पहिली निगेटिव्ह आली तर १ ते ३ आठवड्यांनी दुसरी करा. जुना संसर्ग असला तरी पहिल्या वेळी शरीर गप्प राहतं आणि दुसऱ्या टोचणीला जागं होतं. ही दुसरी चाचणी टाळलीत, तर पुढच्या वर्षी तोच माणूस पॉझिटिव्ह येईल आणि तुम्ही वॉर्डातला नवा संसर्ग शोधत बसाल.

उत्तर २ (इन्फेक्शन कंट्रोल नर्स)

बिघडतं ते टोचताना आणि वाचताना. 0.1 मिली ट्युबरक्युलिन (मॉन्टूचं औषध), हाताच्या आतल्या बाजूला, सुईचं तोंड वर, त्वचेच्या आतच. 6 ते 10 मिमीचा पांढुरका फुगा आला पाहिजे. नाही आला तर औषध खाली गेलं. 5 सेंमी लांब किंवा दुसऱ्या हातावर लगेच पुन्हा द्या. बाटलीवरचे टीयू (ट्युबरक्युलिन युनिट, म्हणजे औषधाची ताकद) बघा, बाजारात 2, 5, 10 असे वेगवेगळे मिळतात. एकच ठरवा आणि दरवर्षी तेच वापरा.

वाचन 48 ते 72 तासांत, म्हणून टोचणी सोमवारी किंवा मंगळवारी. लाली मोजू नका, कडक सूज मोजा. बॉलपेन बाहेरून आत सरकवा, कडक कडेला अडेल तिथे खूण करा आणि हाताच्या आडव्या दिशेने मोजा. 10 मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर 5.

प्रश्नकर्ता: सीवाय-टीबी ही दुसरी त्वचेची चाचणी कशी? आणि पॉझिटिव्ह आल्यास नोकरी थांबवायची का?

उत्तर १

सीवाय-टीबी टोचायची मॉन्टूसारखीच, पण बीसीजीने फसत नाही. 5 मिमीला पॉझिटिव्ह. १८ वर्षांवरील स्टाफसाठी मला तीच बरी वाटते. आयग्रा मॉन्टू पॉझिटिव्ह आलेल्यांपुरती ठेवलीत तरी खर्च आवरेल.

नोकरी मुळीच थांबवू नका. लक्षणं नाहीत, एक्स-रे स्वच्छ, तर तो माणूस कुणाला टीबी देत नाही. त्याच्याशी प्रतिबंधक उपचाराचं बोला. आठवड्यातून एकदा, असे 12 डोस असलेला 3एचपी कोर्स आहे. त्यातल्या रिफापेन्टिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे सिस्टर्सना आधीच सांगा.

उत्तर २

फाइलमध्ये नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहू नका. मिमीचा आकडा, बॅच नंबर, टीयू आणि वाचणाऱ्याची सही हवी. मॉन्टू पॉझिटिव्ह आलेल्याला पुढे ती पुन्हा टोचू नका. दरवर्षी लक्षणं विचारा.