१९६७ ची एमजीबी : शहरात थंड, मोटरवेवर गरम

प्रश्न
माझ्याकडे १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. १७९८ सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि बेल्टवर फिरणारा पंखा, सर्व काही मूळचेच आहे. ऑक्सफर्डच्या गर्दीत गाडी कितीही वेळ रांगेत उभी राहिली तरी पाण्याचा काटा ‘एन’वरून (नॉर्मल) हलत नाही; परंतु एम४० मोटरवेवर ताशी ७० मैलांचा वेग वीस मिनिटे धरला, की तो ‘एच’कडे (हॉट) सरकू लागतो आणि हीटर पूर्ण उघडल्यावर थोडा मागे येतो. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकण नवे आहे, कूलंट कमी होत नाही. गॅरेजवाले इलेक्ट्रिक पंखा बसवा म्हणतात. बसवावा का?

उत्तर १
कृपया पंख्यावर पैसे घालू नका. पंख्याचा दोष असता, तर गाडी रांगेत तापली असती. ७० च्या वेगाला समोरून पुरेसा वारा मिळतोच. वेगात इंजिन जी जास्तीची उष्णता सोडते, ती पाण्यावाटे बाहेर पडत नाही, असाच याचा अर्थ दिसतो. गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवावा. तापमान वरून खाली हळूहळू उतरायला हवे. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तेथील नळ्या चोक झाल्या आहेत असे समजावे. इंजिन रेस केल्यावर खालचा होजपाइप आत खेचला जाऊन चपटा होतो का, तेही पाहावे.

उत्तर २
रेडिएटर उतरवण्याआधी टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावावा, हे दहा मिनिटांचे काम आहे. डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) वजने गंजून अडकली, तर आयडलला टायमिंग बरोबर दिसते, पण वेग वाढल्यावर ते पुढे सरकत नाही आणि उशिरा पडणाऱ्या ठिणगीमुळे इंजिन तापते. शिवाय इंजिनच्या ब्लॉकच्या मागच्या बाजूचा ड्रेन टॅप (पाणी काढायची तोटी) उघडून पाहावा. बिडाच्या जुन्या इंजिनांत सगळा गाळ तेथेच बसतो, आणि नवा रेडिएटर बसवूनही गाडी तापतच राहिल्याची तक्रार बहुधा अशाच इंजिनांची असते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. टायमिंग व्यवस्थित पुढे सरकत होते. ड्रेन टॅप उघडला, तर पाण्याचा एक थेंब आला नाही. तार घालून टोकरल्यावर उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ भसाभस बाहेर पडला. पाणी स्वच्छ येईपर्यंत बागेतल्या नळीने ब्लॉक उलट्या दिशेने धुतला. रेडिएटरचा खालचा एक तृतीयांश भाग गार लागल्यामुळे त्याचा कोअरही (आतली नळ्यांची जाळी) बदलून घेतला. रविवारी बॅनबरीपर्यंत ७० च्या वेगाने जाऊन आलो, काटा ‘एन’वरच राहिला. कूलंटमध्ये अजून थोडी गंजाची पूड दिसते, म्हणून महिन्याभराने ते पुन्हा बदलणार आहे.