तुर्कस्तानची यादी : आत्या, आतोबा आणि इफिस

आत्या: मनू, यादी पाहिलीस का? बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या सातही मंडळ्या, म्हणजे इफिस धरून त्या सात जुन्या ख्रिस्ती गावांच्या जागा, तीन दिवसांत. टूरवाला हो म्हणाला.

मनू: तो कशालाही हो म्हणेल गं 😄 स्मुर्णा म्हणजे आजचं भलंमोठं इझमीर. थुवतीरेला भर गावात कुंपण घातलेला एवढासा तुकडा उरलाय. निम्मा दिवस बसमध्येच जाईल. दोन दिवस नुसत्या इफिसला दे.

आतोबा: माझ्या गुडघ्यांचा कोणी विचार केलाय का?

मनू: तेच सांगतेय आतोबा. इफिसला दोन दारं आहेत. वरच्या दाराने शिरा, खालच्याने बाहेर पडा, म्हणजे बहुतेक उतारच. फक्त संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, चपला नकोत. सावलीही नाही.

बाबा: प्रेषित पौलाच्या वेळी सोनारांनी दंगा केला ते थिएटर तिथलंच ना?

मनू: हो, बाबा. साधारण 25 हजार माणसं मावतील एवढं. वर बसलं की समोर सरळसोट रस्ता दिसतो, बंदराकडे जाणारा. आणि बंदरच नाही! नदीच्या गाळाने बुजलं, समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेला. रस्ता चालत चालत गवतात शिरतो. मी तिथून हलेचना, गाइड वैतागला.

बाबा: आणि अर्तमी देवीचं देऊळ?

मनू: जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होतं. आता तुकडे रचून उभा केलेला एक खांब. त्यावर करकोच्याचं घरटं.

आत्या: मरियामातेच्या घराचं सांग ना.

मनू: डोंगरावर आहे, टॅक्सी करावी लागते. सकाळी लवकर जा, नाहीतर रांग. आत फोटो काढू देत नाहीत.

बाबा: पण ते घर खरंच तिचं?

मनू: तिथे कधीही न गेलेल्या एका जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांवरून 1891 मध्ये शोधलं. चर्चने अधिकृत निर्णय दिलेला नाही. तरी 1967, 1979 आणि 2006 मध्ये तीन पोप जाऊन आले. मुसलमान बायकाही येतात. बाहेर नवसाच्या चिठ्ठ्या बांधायची भिंत आहे. माझ्याकडे कागद नव्हता, तर शेजारच्या तुर्की आजींनी आपला टिशू अर्धा फाडून दिला.
पण आत्या, एक चुकवू नकोस. खालच्या दाराजवळ जरा आडबाजूला मरियेच्या चर्चचे अवशेष आहेत. गाइड तिकडे नेतच नाहीत, हट्ट धर. आपण रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, तिला देवाची माता म्हणतो ना, त्यावरच्या वादाचा निकाल 431 च्या धर्मसभेत इफिसलाच लागला. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं.

आत्या: 🙏 बरं, मग बाकीच्या सहा मंडळ्या रद्द?

मनू: लावदिकीया ठेव. पामुक्कलेचे पांढरे चुन्याचे डोंगर बघायला जाताना जवळच पडते.

आतोबा: तिथे उतार आहे का?