ताडोबाला कुत्रा घेऊन गेलंय का कोणी?

गोदाकाठचा:
मंडळी, डिसेंबरात ताडोबाचा प्लॅन आहे, सोमवारी दुपारची आणि मंगळवारी सकाळची सफारी करायची असं डोक्यात आहे. नाशिकहून गाडीने समृद्धीवरून नागपूर आणि पुढे मोहर्ली. प्रश्न असा की आमचा शेरू (लॅब, 4 वर्षं, नाव शेरू पण फटाका वाजला की पलंगाखाली) याला घरी ठेवायला कोणी नाहीये. मोहर्लीजवळचा एक रिसॉर्टवाला म्हणतोय पेट चालेल, पण जिप्सीत बसवून नेता येईल का ते विचारलं तर नुसता हसला. पट्टा असतो, भुंकत नाही फारसा. कोणाचा अनुभव?

पायवाट:
तो हसला कारण गेटवर कुत्रा सोडतच नाहीत हो. कोअर (जंगलाचा आतला, मुख्य भाग) असो की बफर (त्याच्या भोवतीचा, गावं असलेला भाग), सफारीत पाळीव प्राणी अजिबात नाही, पट्टा असला तरी नाही. कोअरमध्ये तर मोबाईलसुद्धा नेऊ देत नाहीत, तुम्ही लॅब न्यायचं म्हणताय. आणि मंगळवारी ताडोबा बंद असतं, तेवढं बुकिंगआधी बघून घ्या.

राहिला रिसॉर्टचा प्रश्न. आम्ही हा उद्योग केलाय एकदा, दुसऱ्या जंगलात. आमच्या बिट्टूला खोलीत ठेवून पहाटे साडेपाचला दोघंही निघालो, वाटलं झोपेल. परत आलो दहाला तर दाराच्या आतल्या बाजूला खालून दीड फूट पॉलिश खरवडून काढलेलं, पंजाला रक्त, आणि शेजारच्या खोलीतल्या काकू बाहेर खुर्ची टाकून आमचीच वाट बघत बसलेल्या. दाराचे पैसे भरले ते वेगळेच. मग पुढचे दोन दिवस सकाळी मी आणि दुपारी बायको असं आळीपाळीने गेलो, वाघ तिला दिसला, मला सांबराचं बूड.

चंद्रपुरी:
भाऊ, दाराचं सोडा, बिबट्याचं बोला. आमच्याकडे बफरमधल्या गावात अंगणात बांधलेलं कुत्रं रात्री उचलून नेते, सकाळी नुसती साखळी राहते. रिसॉर्टला कुंपण असलं तरी बिबट्याला त्याचं काय. तुमच्या मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले बिबटेसुद्धा कुत्र्यांवरच बरेचसे जगतात. आणायचंच असेल तर अंधार पडल्यावर आणि पहाटे बाहेर फिरवायचं नाही, शू करायला नेलं तरी दिव्याखाली आणि पट्टा हातात. गवतात गोचीड भरपूर, परत गेल्यावर कानाच्या मागं, बोटांच्या मधी नीट बघा.

खडूस_काका:
म्हणजे गावची कुत्री जंगलात मोकाट फिरणार, हरणाच्या मागं लागणार, ते चालतं, आणि आपल्या लस दिलेल्या, पट्ट्यातल्या कुत्र्याला बंदी. परदेशात बघा, लोक आरामात नेतात.

चंद्रपुरी:
काका, गावच्या कुत्र्यांचा त्रास आहेच, कोण नाही म्हणते. पण म्हणून अजून एक आत सोडायचं का? 2018 मध्ये गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले काही आठवड्यांत, त्यात डिस्टेंपर निघाला. कुत्र्यांमध्ये असणारा रोग आहे तो. शेवटी सिंहांसाठी अमेरिकेतून लस आणावी लागली. गेटवरचा गार्ड काय तुमच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड वाचत बसणार?

व्हर्जिनियातून:
परदेशाचं नाव निघालं म्हणून लिहिते. इथेही आरामात वगैरे नाही. आमच्या जवळचं शेनांडोआ नॅशनल पार्क हे अपवाद, तिथे जवळपास 500 मैल पायवाटा आहेत आणि थोड्या सोडल्या तर सगळीकडे कुत्रा चालतो, पण पट्टा 6 फुटांपेक्षा लांब नको. यलोस्टोनला गेलो तेव्हा मात्र आमची मनी (हो, कुत्रीचं नाव मनी आहे, लेकीने ठेवलंय) फक्त पार्किंग आणि रस्त्याच्या कडेला, ट्रेलवर आणि गरम झऱ्यांच्या लाकडी वाटांवर बंदीच. मला आधी राग आला होता. मग वाचलं की 1981 मध्ये तिथे एकाचा कुत्रा उकळत्या झऱ्यात पडला आणि त्याला काढायला माणसाने उडी मारली, दोघंही गेले. त्यानंतर मी गाडीत मनीजवळ बसले गुपचूप आणि नवऱ्याला म्हटलं तू बघून ये.

खडूस_काका:
बरं बाबा. पट्टा ठेवा, मत मागे घेतो. गावच्या कुत्र्यांचं मात्र मागे घेत नाही.

गोदाकाठचा:
सगळ्यांचे आभार, मंगळवारचं तर लक्षातच नव्हतं, बायकोने कपाळाला हात लावला. आता बुधवार-गुरुवार करतोय. शेरूला जाताना नागपूरला मावशीकडे सोडणार, रिसॉर्ट नकोच. मावशी म्हणाली येऊ दे, पण सोफ्यावर बसायचं नाही. मी हो म्हणून टाकलंय, शेरूला अजून सांगितलेलं नाही.